फूटवॉल काढायला तळ्यात उतरलो तेव्हा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी आलो होतो. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, सकाळी नऊलाच ऊन डोक्यात शिरत होतं. लघवीचे शेवटचे थेंब लालसर दिसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बीट खाल्लं असेल. पण बीट काही घरात आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि शेवटी ओटीपोटात एक बारीक कळ. मायला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "उन्हाळी लागनी तुले." आमच्याकडे उन्हाळ्यात हेच निदान आणि उपायही ठरलेला. रात्री भिजवलेल्या धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. चार दिवस मी ते सगळं मनापासून घेतलं. लाली गेली नाही.

मी ठिबक सिंचनाच्या कामावर टांझानियात असतो, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला म्वांझा शहर आहे त्या भागात. गेल्या वेळी सलग दहा महिने राहून आलो होतो. माझ्या ओळखीतलीच आठ-दहा मुलं याच कामासाठी आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. पाण्यात उतरल्याने लागणाऱ्या एका आजाराबद्दल जे मला सात आठवड्यांनी कळलं, ते त्यांना पहिल्या दिवशी कळावं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी मुतखडा धरला. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. खानदेशात उन्हाळ्यात लघवीतून रक्त म्हटलं की दहापैकी नऊ डॉक्टरांच्या मनात खडाच येईल. सोनोग्राफीत खडा नव्हता, मूत्राशयाची भिंत मात्र एका जागी जाडसर दिसली. मग जंतुसंसर्ग समजून पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या. लघवीच्या कल्चरमध्ये कुठलाच जंतू वाढला नाही, तरी त्याहून कडक गोळ्यांचा दुसरा कोर्स झाला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल नावाच्या पेशी १९ टक्के होत्या. साधारण पाच-सहा टक्क्यांपर्यंत असतात. त्यावर "अ‍ॅलर्जी असेल, नाहीतर पोटात जंत असतील" म्हणून अल्बेंडाझोलची एक गोळी मिळाली. ती आपल्या नेहमीच्या जंतांवर चालते. मला जे झालं होतं त्यावर ती उपयोगाची नाही, हे नंतर समजलं.

या सगळ्यात कुणीही मला विचारलं नाही की गेलं वर्ष तुम्ही कुठे होता. आणि मीही कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या मनातच आलं नाही. आजार इथे घरी सुरू झाला, उन्हाळा चालू आहे, यात टांझानियाचा काय संबंध? शेवटी जळगावच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं की दुर्बीण आत घालून मूत्राशय बघावं लागेल. या वयात कळ कमी आणि रक्त जास्त असेल तर ते सोडून देता येत नाही. त्या रात्री बायको झोपली नाही. तिच्या मनात जो शब्द होता तो तिने उच्चारला नाही, मीही नाही.

दुर्बिणीआधीच्या तपासण्यांसाठी जळगावात एका लॅबमध्ये गेलो. नमुना देऊन बसस्टँडवर पोचतो तोच फोन आला, परत या. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्यासमोर माझा जुना रिपोर्ट होता, १९ टक्क्यांवर पेनाने गोल केलेला. त्यांनी विचारलं, "तुम्ही कामाला कुठे असता?" मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तिथे कुठल्या तळ्यात, कालव्यात उतरला होतात का?"

आणि मला ते तळं दिसलं.

नोव्हेंबरचा महिना होता. म्वांझापासून आत, सरोवरापासून लांब, भाजीपाल्याच्या एका शेतावर आमचं काम चालू होतं. पाणी एका मातीच्या बांधाच्या छोट्या तळ्यातून उचलायचं होतं. अशा तळ्याला तिथे 'लांबो' म्हणतात. पंप हवा धरत होता, लाइन भरत नव्हती. फूटवॉलला, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपच्या टोकाच्या जाळीदार झडपेला, शेवाळ अडकलंय हे बाहेरूनच कळत होतं. आपल्याकडे अशा वेळी काय करतात? पँट वर करून माणूस उतरतो. बोरी नदीच्या डोहात, विहिरीत, शेततळ्यात मी लहानपणापासून उतरत आलोय. दुपारचे साडेबारा-एक वाजले असतील. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत गेलो, फूटवॉल वर ओढला, जाळी साफ केली, परत सोडला. वीस मिनिटं लागली असतील. पाणी नितळ होतं. काठाला पाणवेली आणि त्यांच्या पानांवर हरभऱ्याएवढे शंख चिकटलेले. तेही मी पाहिले होते.

संध्याकाळी दोन्ही पोटऱ्यांना खाजकुयली लागल्यासारखी खाज सुटली, बारीक लाल पुरळ उठलं. दोन दिवसांत गेलं. गवत लागलं असेल म्हणून विसरलो.

साधारण सहा आठवड्यांनी, जानेवारी लागता लागता, ताप आला. रात्री चढायचा, घाम येऊन उतरायचा. अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी, कोरडा खोकला. मलेरियाची चाचणी केली, ती नकारात्मक आली, तरी मलेरियाच्या गोळ्या घेतल्या. दहा-बारा दिवसांनी ताप गेला आणि मी गोळ्यांना श्रेय दिलं. मॅडम म्हणाल्या, "तो मलेरिया नसावा. कातायामा ताप म्हणतात त्याला. जपानमधल्या एका भागाचं नाव आहे ते. किडा शरीरात मोठा होऊन अंडी घालायला लागतो, तेव्हा शरीर असं पेटून उठतं."

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं सांगतो. हा आजार मला ऐकून माहीत होता. तिथे त्याला 'किचोचो' म्हणतात, इंग्रजी बोलणारे बिलहर्झिया म्हणतात, पुस्तकी नाव शिस्टोसोमियासिस. सरोवरात पोहू नको असं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी दहा महिन्यांत सरोवराला पायसुद्धा लावला नव्हता. प्यायला उकळलेलंच पाणी. पण माझ्या डोक्यात तो 'सरोवराचा' आजार होता. मॅडमनी नंतर समजावून सांगितलं की त्या भागात दोन प्रकार आहेत. सरोवरातल्या गोगलगायीत वाढतो तो मुख्यतः आतड्याचा. आतल्या भागातली तळी, डबकी, कालवे यांत वेगळ्या जातीची गोगलगाय असते, तिच्यात लघवीच्या मार्गाचा. म्हणजे ज्या पाण्याला मी जपलं ते एक आणि ज्यात निर्धास्त उतरलो ते दुसरं.

तपासणीचीही एक रीत आहे आणि ती माहीत असायला हवी, कारण माझे आधीचे सगळे नमुने सकाळचे होते. या किड्याची अंडी लघवीत सगळ्यात जास्त उतरतात ती दुपारी, दहा ते दोनच्या दरम्यान. मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी बारा वाजता बोलावलं, लॅबच्या इमारतीचे तीन मजले दोनदा चढ-उतर करायला लावले आणि मग नमुना घेतला. शेवटचे थेंब सांडू नका, अंडी त्यातच असतात, असं बजावलं. लघवी यंत्रात फिरवून खालचा गाळ त्यांनी काचेवर घेतला. पाऊण तासाने मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं.

दिसलं ते असं: गव्हाच्या दाण्यासारखं लांबट, काचेसारखं पारदर्शक, आणि एका टोकाला बाभळीच्या काट्यासारखं अणकुचीदार टोक. आतड्याच्या प्रकारात हा काटा कडेला असतो, लघवीच्या प्रकारात टोकाला. आत काहीतरी हललं. मॅडम म्हणाल्या, "जिवंत आहे." त्यांनी स्वतः हे प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिलं होतं, एमडीच्या अभ्यासात फक्त चित्र होतं. त्या मला हे सांगत होत्या आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. भीती वाटत होती, पण आपल्याला झालंय काय ते कळल्याचा आधारही होता.

मग त्यांनी कागदावर गोल काढून सगळा फेरा समजावला. हे अंडं लघवीवाटे गोड्या पाण्यात पडलं की फुटतं. त्यातून निघालेली अळी ठरावीक जातीची गोगलगाय शोधते, तिच्यात शिरते. काही आठवड्यांनी त्या एका गोगलगायीतून शेपूट असलेल्या हजारो अळ्या पाण्यात सुटतात, उन्हाच्या वेळी जास्त. म्हणून माझी दुपारची वेळ वाईट होती. या अळ्या साधारण एक-दोन दिवस जगतात आणि तेवढ्यात माणसाची कातडी मिळाली तर काही मिनिटांत आत शिरतात. जखम लागत नाही, पाणी प्यावं लागत नाही. आत गेल्यावर रक्तातून फिरत, यकृताजवळ मोठे होत, नर-मादी जोडीने मूत्राशयाभोवतीच्या शिरांत मुक्काम करतात. मादी नराच्या अंगाच्या खोबणीत राहते. सरासरी तीन ते पाच वर्षं, पण कधी कधी वीस-तीस वर्षंही. हे किडे आपल्या अंगात पिल्लावळ वाढवत नाहीत, जेवढ्या अळ्या शिरल्या तेवढेच. त्रास किड्याचा कमी, अंड्यांचा जास्त. निम्मी अंडी बाहेर पडतात, उरलेली भिंतीत रुततात. तिथे सूज येते, रक्त येतं. वर्षानुवर्षं उपचार झाले नाहीत तर मूत्रपिंडांवर ताण येतो, मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाशी जखमा होतात आणि त्या भलत्याच आजाराच्या समजल्या जातात. थिओडोर बिलहार्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने कैरोत १८५१ साली हा किडा शोधला, त्याचंच नाव आजाराला लागलं. शोध लागून पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी २०२१ साली जगात सुमारे २५ कोटी माणसांना यासाठी प्रतिबंधक औषधाची गरज होती, बहुतेक सगळी आफ्रिकेतली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न शेजारच्या काकांचा, याच्या ताटातलं खाल्लं तर होईल का? नाही. स्पर्शाने नाही, जेवणाने नाही, नवरा-बायकोत नाही. गोगलगायीच्या पोटातून गेल्याशिवाय हा किडा दुसऱ्या माणसापर्यंत पोचूच शकत नाही.

मोठमाय, म्हणजे माझी आजी, मात्र सगळं ऐकून काहीच बोलली नाही. तिने लुगड्याचा काठ वर केला आणि घोट्यावरचा वण दाखवला. "मना बी पायमा निंघेल व्हता, हाई दख." नारू, पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा. लग्न होऊन आली तेव्हा गावाला पायऱ्यांची विहीर होती. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय ठेवून घागर भरायचे. "मनी सासू काडीवर गुंडाळे, रोज बोटभर. तुटी गया ते पाय सुजे." तो वण मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्यामागची गोष्ट कधी विचारली नव्हती.

त्या रात्री अंगणात खाटेवर पडून मी दोन्ही किडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नारूची हातभर लांब मादी माणसाच्या पायातून बाहेर यायची, पाण्यात पिल्लं सोडायची, ती बारीक पाणपिसवांच्या पोटात जायची आणि तेच पाणी प्यायल्यावर वर्षाने कुणाच्या तरी पायात नवा नारू. पायातून बाहेर, तोंडातून आत. माझा किडा उलटा, पायातून आत आणि लघवीतून बाहेर. आमच्या घराने पाण्याबद्दल जे शहाणपण कमावलं ते नारूने, कॉलऱ्याने, काविळीने शिकवलेलं होतं: गाळून प्या, उकळून प्या. ते सगळं तोंडाच्या वाटेची राखण करणारं होतं. पाण्यात उभं राहण्यातही धोका असतो, हे आमच्या मातीत कुणाला शिकावंच लागलं नव्हतं.

नारूवर औषध नव्हतं, लस नव्हती, अजूनही नाही. तरी तो आपल्या देशातून गेला. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा कठडा बांधून रहाटाच्या केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं, दुहेरी कापडाने पाणी गाळायला शिकवलं, आणि नारू झालेल्या माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. मोठमायला मी हे सांगितलं. देशातून गेलाय हे तिला माहीत नव्हतं, गावातून गेलाय एवढंच माहीत होतं.

धाकट्या भावाला वेगळीच काळजी होती. मी महिनाभर शेतात जातोय, पाटाच्या कडेला लघवीला बसतोय, तर आपल्याकडे हे पसरेल का? हा प्रश्न रास्त होता, म्हणून मी मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, योग्य जातीची गोगलगाय नसेल तर साखळी तिथेच तुटते, आणि खानदेशात हा आजार नाही. पण महाराष्ट्रात कधीच नव्हता असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले होते आणि डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी १९५२ साली ते जगापुढे आणलं. हे ऐकल्यापासून बरा होईपर्यंत मी घरच्या संडासाशिवाय कुठे गेलो नाही.

जनावरांतले याचे भाऊबंद मात्र आपल्याकडे आहेत. गुरांच्या नाकातल्या शिरांत राहणारी एक जात आहे, तिने नाकात गाठी येतात आणि बैल घोरल्यासारखा श्वास घेतो. त्या जातींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरल्या तर पुढे वाढू शकत नाहीत, पण खाज आणि पुरळ देतात. डबक्यात म्हशी धुतल्यावर पायांना खाज सुटते, त्यामागे काही वेळा हेही असतं. ती खाज दोन-चार दिवसांत जाते, त्यापुढे काही होत नाही.

औषधाचं नाव प्राझिक्वांटेल. जळगावच्या पाच दुकानांत फिरलो, कुणाकडे नव्हतं. एका दुकानदाराने सुचवलं की कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत तेच असतं, जनावरांच्या दुकानातून घ्या. तसं करू नका. त्यात दुसरी औषधंही मिसळलेली असतात आणि मात्रा माणसासाठी नसते. डॉक्टरांनी मुंबईहून मागवून दिलं, चार दिवस लागले. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ४० मिलिग्रॅम. माझं वजन ६० किलो, म्हणजे २४०० मिलिग्रॅम, ६०० च्या चार गोळ्या. दोन सकाळी, दोन संध्याकाळी, भरल्या पोटी. गोळी अतिशय कडू, तोंडात विरघळू दिली तर उलटी होईल, म्हणून पटकन गिळायची. मायने सकाळी खिचडी केली होती. दोन तासांनी चक्कर आली, पोटात मुरडा आला, थोडा वेळ ताप आल्यासारखं वाटलं. दिवसभर गाडी चालवायची नाही असं सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो तर भूक लागली होती, जानेवारीनंतर अशी भूक लागल्याचं आठवत नव्हतं.

हे औषध मोठ्या झालेल्या किड्यांना मारतं, कोवळ्यांना नाही. म्हणून पाण्यात उतरल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन उपयोग नाही, साधारण सहा ते आठ आठवडे जावे लागतात. माझे सहा महिने होऊन गेले होते, त्यामुळे एकच मात्रा पुरली. दोन महिन्यांनी पुन्हा दुपारची लघवी तपासली, अंडी नव्हती. इओसिनोफिल ५ टक्क्यांवर आले. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत सगळीकडे एकसारखी दिसली, दुर्बिणीची गरज पडली नाही. रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी पुढे बराच काळ सकारात्मक राहू शकते, त्यावरून बरं झालो की नाही ते ठरत नाही. मित्रांपैकी कुणी ती करून घाबरू नये.

त्या शेतावर माझ्याबरोबर रावेरचा एक जण होता, तोही दोन-तीनदा तळ्यात उतरला होता. त्याला काहीच त्रास नव्हता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "दादा, मला काही झालेलं नाही." तीन दिवस रोज फोन करून मी त्याला तपासायला लावलं. त्याच्याही लघवीत अंडी निघाली. रक्त डोळ्यांना दिसत नव्हतं एवढाच फरक.

ऑगस्टमध्ये मी परत गेलो. फूटवॉल आता तराफ्याला टांगलाय, दोरीने काठावर ओढून घेतो, कुणी उतरत नाही. उतरावंच लागलं तर मांडीपर्यंतचे गमबूट, आणि काम सकाळी लवकर. फिल्टर धुताना हात भिजतात, त्यासाठी लांब रबरी हातमोजे. अंघोळीचं पाणी टाकीत दोन दिवस झाकून ठेवतो आणि टाकीत गोगलगाय येऊ नये म्हणून तोंडाला जाळी लावली आहे. घाई असेल तर उकळतो. चुकून भिजलोच तर टॉवेलने खसाखसा पुसतो, पण त्यावर भरवसा ठेवायचा नाही, अळ्या तोवर आत गेलेल्या असू शकतात. तळ्यापासून दूर दोन संडास बांधून घेतले. यासाठी मालकाशी सगळ्यात जास्त वाद घालावा लागला. त्याला वाटत होतं, पंपाच्या कामाचा संडासाशी काय संबंध.

पंप राखणाऱ्या मुलाचा तेरा वर्षांचा भाऊ रोज दुपारी त्याच तळ्यात पोहायचा. मी त्याला विचारलं, लघवीला लाल होतं का? तो म्हणाला, हो, सगळ्यांनाच होतं, मोठं होताना होतं ते. त्या आठवड्यात त्याच्या शाळेत सरकारी आरोग्यसेवक गोळ्या वाटायला आले. वजनकाटा नव्हता. एक उंच काठी होती, तिच्यावर खुणा आणि खुणेसमोर गोळ्यांची संख्या. पोराला काठीला पाठ लावून उभं केलं, तो टाच उचलून उंच व्हायला बघत होता. त्यांनी हसून खांदा दाबला आणि तीन गोळ्या मोजून त्याच्या हातावर ठेवल्या. मी खिशातून आणलेलं केळं सोलून दिलं, उपाशीपोटी घेऊ नये म्हणून.